ईसीजीवरून हृदयताल ओळखणे : एमआयटी-बीआयएच नोंदींवरचं काम

३ जून

हेतू : दोन लीडचा (लीड म्हणजे इलेक्ट्रोडच्या जोडीने हृदयाकडे बघण्याची एक दिशा) ईसीजी वाचून ताल ओळखायचा आणि तो कशावरून ओळखला हेही पट्टीशेजारी लिहायचं. ‘अनियमित’ एवढंच छापणारी यंत्रं पुष्कळ आहेत. वॉर्डातली सिस्टर किंवा निवासी डॉक्टर त्या शेऱ्यावर विसंबत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. म्हणून प्रत्येक शेऱ्यामागे चार गोष्टी दिसल्या पाहिजेत : आरआर अंतरं (लागोपाठच्या दोन ठोक्यांमधला वेळ) सम आहेत का, पी लहर (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची, म्हणजे कर्णिकांची लाट) आहे का, पीआर अंतर (पीपासून क्यूआरएसपर्यंतचं) किती, क्यूआरएस (खालच्या कप्प्यांचं, म्हणजे जवनिकांचं टोकदार शिखर) किती रुंद.

डेटा एमआयटी-बीआयएच अतालता (बिघडलेला हृदयताल) संचाचा. बोस्टनच्या बेथ इस्राएल रुग्णालयात १९७५ ते १९७९ दरम्यान अभ्यासलेले रुग्ण. ४८ नोंदी, ४७ माणसं, प्रत्येक नोंद अर्ध्या तासाची, दोन वाहिन्या, सेकंदाला ३६० नमुने, १० मिलिव्होल्टच्या पल्ल्यात ११ बिट. यातल्या २३ नोंदी चोवीस तासांच्या ४००० फितींमधून यादृच्छिकपणे उचललेल्या, उरलेल्या २५ दुर्मिळ पण महत्त्वाच्या अतालता याव्यात म्हणून मुद्दाम निवडलेल्या. त्यामुळे या संचातलं पीव्हीसीचं (जवनिकांतून अवेळी उठलेल्या ठोक्यांचं) प्रमाण म्हणजे समाजातलं प्रमाण नव्हे.

४ जून

फाइली नीट उतरल्या का, याची सोपी खूण : सिग्नलच्या फाइलमध्ये १२ बिटांचे दोन नमुने तीन बाइटमध्ये दाबून बसवलेले असतात. एका वाहिनीत ६,५०,००० नमुने, दोन वाहिन्या, म्हणजे फाइल बरोबर १९,५०,००० बाइटची. एखादा बाइट कमी भरला तरी फाइल पुन्हा उतरवायची.

एका मिलिव्होल्टला २०० पायऱ्या आणि शून्यरेषा १०२४ वर. कच्चे आकडे थेट २०० ने भागले की सगळा ईसीजी ५.१२ मिलिव्होल्ट वर तरंगतो. डोळ्याला आकृती ठीक दिसते, कारण आलेख स्वतःच पट्टी जुळवून घेतो, पण उंबरठे मात्र सगळे कोलमडतात. आधी १०२४ वजा, मग भागाकार.

६ जून

खुणांची फाइल. इथे दोन फसवणुका आहेत.

पहिली : प्रत्येक खूण म्हणजे ठोका नव्हे. अधिकचं चिन्ह म्हणजे ताल बदलल्याची खूण, नागमोडी चिन्ह म्हणजे सिग्नलच्या प्रतीतला बदल, ‘एक्स’ म्हणजे पुढे जवनिकांपर्यंत न वाहिलेली पी लहर, उद्गारचिन्ह म्हणजे व्हेंट्रिक्युलर फ्लटरची (जवनिकांच्या अतिजलद फडफडीची) लाट. हे सगळं न गाळता दोन खुणांमधलं अंतर काढलं तर आरआरच्या यादीत ७०-८० मिलिसेकंदांची अंतरं घुसतात आणि चांगला सायनस (हृदयाचा नेहमीचा) ताल एएफसारखा (कर्णिका थरथरत असतानाच्या पूर्ण विषम तालासारखा) दिसायला लागतो.

दुसरी : तालाचं नाव अधिकच्या चिन्हासोबतच्या शेऱ्यात असतं, उघड्या कंसाने सुरू होतं, आणि पायथनच्या डब्ल्यूएफडीबी या नोंदी वाचणाऱ्या संग्रहाने वाचताना त्याच्या शेपटीला न दिसणारं शून्य-अक्षर चिकटलेलं असतं. तुलना निष्फळ ठरते, त्रुटी मात्र कुठलीच येत नाही. शेपूट छाटूनच तुलना करायची.

तालाची खूण पुढच्या तालापर्यंत लागू राहते. एका क्षणाची नोंद समजून तिच्या आजूबाजूचे दहा सेकंद कापले तर अर्धी पट्टी आधीच्या तालाची येते.

९ जून

पेसमेकरच्या चार नोंदी (१०२, १०४, १०७, २१७) बाहेर काढल्या. तसा संकेतच आहे. उरल्या ४४.

पहिली वाहिनी म्हणजे लीड दोनचं छातीवरचं रूप असं धरून चालतात. ४४ पैकी ४३ मध्ये ते खरं आहे, ११४ मध्ये वाहिन्यांचा क्रम उलटा आहे. वाहिनी क्रमांकाने नव्हे, शीर्षफाइलमधल्या नावाने उचलायची. दुसरी वाहिनी बहुतेक ठिकाणी व्ही१ (व्ही म्हणजे छातीवरच्या लीड), पण काहींत व्ही२ किंवा व्ही५, आणि १२४ मध्ये व्ही४. त्यामुळे ‘दुसऱ्या वाहिनीत उजव्या बंडल ब्लॉकची (जवनिकांतली उजवी वाट अडल्याची) दोन शिंगं शोधा’ असा नियम सरसकट लावता येत नाही.

१० जून

विजेची गुणगुण. सवयीने ५० हर्ट्झचा नॉच (एकच वारंवारता गाळणारा) फिल्टर लावला होता, आपल्याकडची वीज ५० ची म्हणून. नोंदी अमेरिकेतल्या आहेत, तिथे ६०. फिल्टरने गुणगुण जशीच्या तशी ठेवली आणि क्यूआरएसच्या कडा मात्र थोड्या बोथट केल्या. नॉचचा आकडा आता शीर्षफाइलसोबतच्या वेगळ्या तक्त्यात, नोंद कुठली यावर.

शून्यरेषेचं डोलणं काढायला दोन मध्यक-फिल्टर एकापाठोपाठ : पहिला २०० मिलिसेकंदांचा (क्यूआरएस आणि पी पुसतो), दुसरा ६०० चा (टी, म्हणजे क्यूआरएसनंतरची लहर, पुसतो). उरते ती डोलणारी रेषा, ती मूळ सिग्नलमधून वजा. ३६० नमुन्यांच्या हिशेबाने ७२ आणि २१६ येतात, पण मध्यक-फिल्टरला विषम संख्या लागते : ७३ आणि २१७.

१३ ते १७ जून

क्यूआरएस शोधणं. जियापु पान आणि विलिस टॉम्पकिन्स यांची १९८५ सालची पद्धत : पट्टा-फिल्टर, उतार, वर्ग, मग १५० मिलिसेकंदांच्या सरकत्या खिडकीत बेरीज. चाळीस वर्षं झाली तरी सुरुवात इथूनच होते.

पहिल्या फेरीत गुण जवळजवळ शून्य. पडद्यावर मात्र प्रत्येक क्यूआरएसनंतर एक ठिपका व्यवस्थित दिसत होता. ‘नंतर’ हाच घोटाळा. मूळ पद्धत २०० नमुन्यांसाठी आहे : खालच्या फिल्टरचा उशीर ५ नमुने, वरच्याचा १६, उताराचा २, आणि ३० नमुन्यांच्या खिडकीचा निम्मा १५. एकूण ३८ नमुने, म्हणजे १९० मिलिसेकंद. संचातल्या खुणेशी जुळणीची मुभा १५० मिलिसेकंदांची. म्हणजे बरोबर सापडलेला ठोका एकदा ‘हुकला’ आणि एकदा ‘खोटा’ असा दोनदा दंड भरत होता.

दुसरी गफलत याहून लपलेली. २०० नमुन्यांसाठीचे पूर्णांकी गुणक तसेच ३६० वर चालवले की ५ ते ११ हर्ट्झचा पट्टा १.८ पट सरकून ९ ते २० वर जातो, आणि ३० नमुन्यांची खिडकी ८३ मिलिसेकंदांची उरते. अरुंद ठोके सापडत राहतात, म्हणून शंका येत नाही. रुंद पीव्हीसीची ताकद खालच्या वारंवारतेत असते, त्या गळतात. नेमकं जे शोधायचं तेच हरवतं.

आता : ५ ते १५ हर्ट्झचा बटरवर्थ पट्टा-फिल्टर, पुढून-मागून दोन्हीकडून चालवलेला (उशीर शून्य, पण जिवंत सिग्नलला हे चालणार नाही), खिडकी ५४ नमुने, दोन ठोक्यांत किमान ७२ नमुने म्हणजे २०० मिलिसेकंद. ३६० मिलिसेकंदांच्या आत आलेल्या शिखराचा उतार आधीच्या क्यूआरएसच्या निम्म्याहून कमी असेल तर ती टी लहर. शेवटी मूळ सिग्नलमध्ये परत जाऊन खरं शिखर पकडायचं. ते वरच असेल असं नाही, शून्यरेषेपासून सर्वांत दूरचा बिंदू घ्यायचा, नाहीतर उलट्या पीव्हीसीत खूण ५०-६० मिलिसेकंद इकडेतिकडे पडते.

१८ जून

दोन नोंदी अजून त्रास देतात. १०८ मध्ये पी लहरी उंच आणि टोकदार आहेत, त्या क्यूआरएस म्हणून मोजल्या जातात. २३२ मध्ये सहा सेकंदांपर्यंतचे खंड आहेत. सरासरी आरआरच्या १६६ टक्क्यांत ठोका आला नाही तर मागे जाऊन निम्म्या उंबरठ्याने पुन्हा शोधायचं, हा मूळ नियम. खरा खंड असला की हा नियम गोंगाटातून ठोका ‘काढून’ देतो आणि रुग्णातली सर्वांत धोक्याची गोष्टच पट्टीवरून पुसली जाते. मागे शोधून सापडलेल्या ठोक्याला आता आणखी एक अट : उतार नेहमीच्या क्यूआरएसच्या किमान तिसऱ्या हिश्श्याइतका हवा. नसेल तर खंड खंडच राहू द्यायचा.

२३ जून

वर्गीकरणाची वाटणी. ठोके सरमिसळ करून ८० टक्के शिकवायला, २० टक्के चाचणीला, असं केलं की गुण ९८-९९ च्या घरात जातात. त्याचा उपयोग काही नाही. त्याच माणसाचे ठोके दोन्हीकडे असतात आणि प्रणाली आजार नव्हे, माणूस ओळखायला शिकते.

२००४ सालापासून रूढ असलेली २२-२२ नोंदींची वाटणी घेतली. तिच्यातही एक चीर आहे : २०१ आणि २०२ एकाच माणसाच्या नोंदी, आणि त्या वेगवेगळ्या बाजूंना पडल्या आहेत. इतरांशी तुलना करायची म्हणून वाटणी तशीच ठेवली, पण २०२ वगळून दुसरा निकालही काढतो.

चाचणीच्या बाजूला ४९,७१२ ठोके, त्यातले ४४,२५९ ‘एन’ (साधारणपणे नेहमीच्या ठोक्यांच्या) गटातले. डोळे मिटून प्रत्येक ठोक्याला ‘एन’ म्हटलं तरी अचूकता ८९ टक्के. म्हणून अचूकतेचा एकच आकडा कुठल्याच तक्त्यात लिहायचा नाही. गटागटाने, आणि नोंदीनोंदीने.

नोंदीनोंदीने का, ते ‘एस’ गटात कळतं. चाचणीत कर्णिकेकडून आलेले आगाऊ ठोके १,८३७, त्यातले १,३८२ एकट्या २३२ मधले. ‘एस’चा गुण म्हणजे चार हिश्श्यांपैकी तीन हिस्से एका माणसाचा गुण.

२७ जून

‘एस’ आणि ‘एन’ यांचा आकार जवळजवळ सारखाच, कारण जवनिकांमध्ये दोघांची वाट एकच. फरक वेळेत आणि पी मध्ये. म्हणून वेळेचे चार आकडे दिले : आधीचं आरआर, पुढचं आरआर, आणि दोन्ही स्थानिक सरासरीने भागून.

पुढचं आरआर का? नेहमीचं अंतर ८०० मिलिसेकंद धरा. पीव्हीसी ५०० वर आली की सायनस गाठीला (हृदयाचा ठेका ठरवणाऱ्या जागेला) तिची खबर बहुतेक वेळा लागत नाही, पुढचा ठोका ठरल्या वेळी येतो : ५०० आणि ११०० मिळून १६००, म्हणजे बरोबर दुप्पट. कर्णिकेचा आगाऊ ठोका सायनस गाठीपर्यंत पोचून तिचं घड्याळ पुन्हा शून्यावर आणतो : ५०० आणि साधारण ८५०, बेरीज दुपटीहून कमी. नियम शंभर टक्के नाही, पण एका लीडवर इतका स्वस्त दुसरा पुरावा नाही. किंमत एवढीच, की निर्णय एक ठोका उशिरा मिळतो.

२३२ इथेही अडला. तिथे आगाऊ ठोकेच बहुसंख्य, त्यामुळे स्थानिक सरासरी त्यांचीच बनते आणि कुणीच ‘आगाऊ’ राहत नाही. सरासरीऐवजी मध्यक घेऊन फरक पडत नाही, कारण मध्यकही बहुमताचाच. अशा वेळी पी लहरीशिवाय गत्यंतर नाही.

३० जून

पडद्यावरची पट्टी. २५ मिलिमीटर प्रति सेकंद, १० मिलिमीटरला एक मिलिव्होल्ट, लहान चौकोन ४० मिलिसेकंद, मोठा २००. खिडकीचा आकार बदलला की चौकोन आयताकृती होत होते, म्हणजे रुंदी-उंची वेगळ्या मापाने ताणली जात होती. प्रमाण बांधून टाकलं आणि डावीकडे एक मिलिव्होल्टची चौकट काढली. वाचणाऱ्याची नजर आधी तिकडेच जाते.

गती : ताल सम असेल तर ३०० भागिले मोठे चौकोन. विषम असेल तर दहा सेकंदांतले क्यूआरएस गुणिले सहा. एएफमध्ये दोन ठोक्यांवरून काढलेली गती छापायची नाही.

४ ते ११ जुलै

पी लहर. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि जायलाच हवा होता.

क्यूआरएसच्या आधीची ८० ते ३०० मिलिसेकंदांची खिडकी घेतली. पी लहान, साधारण ०.१ ते ०.२ मिलिव्होल्ट. १६ ठोके एकावर एक ठेवून सरासरी काढली की गोंगाट चौथ्या हिश्श्यावर येतो आणि पी स्वच्छ उठते. मोह होतो तो इथेच. सरासरीत पी दिसली नाही म्हणून ‘एएफ’ लिहिलं, तर पूर्ण ब्लॉकचा (कर्णिकांचा एकही ठोका जवनिकांपर्यंत न पोचणारा) रुग्णही एएफमध्ये जाऊन बसतो. पूर्ण ब्लॉकमध्ये पी असते, स्वतःच्या चालीने चालते, क्यूआरएसशी तिची वेळ जुळत नाही, म्हणून सरासरीत ती पसरून सपाट होते. सरासरी फक्त क्यूआरएसला बांधलेली पी दाखवते.

म्हणून आता दोन पायऱ्या. आधी क्यूआरएस-टीचा साचा प्रत्येक ठोक्यातून वजा. मग उरलेल्या सिग्नलमध्ये, क्यूआरएसकडे न पाहता, पी सारख्या टेकड्या शोधायच्या आणि त्यांची आपापसातली अंतरं मोजायची. पीपी सम आणि आरआर सम, पण पीआर दर ठोक्याला वेगळं : दोघांचा काडीमोड झालेला आहे. कागदावर कंपास घेऊन पी-पी मोजत जाणारे हेच करतात.

पीआर मोजताना शेवट क्यूआरएसच्या सुरुवातीला, आर शिखराला नव्हे. शिखर धरलं की ४० मिलिसेकंदांपर्यंत जादा भरतात आणि १८० चं निरोगी पीआर २०० ची रेघ ओलांडून ‘पहिल्या दर्जाचा ब्लॉक’ होतं.

१५ जुलै

एएफ. ३० ठोक्यांच्या खिडकीत, लागोपाठच्या आरआर फरकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ भागिले सरासरी आरआर. एएफ सापडते, पण १०६, ११९, २०० यांसारख्या पीव्हीसीने भरलेल्या नोंदीही तिच्यात येतात. एकट्या आकड्याला ‘विषम’ आणि ‘ठरावीक पद्धतीने विषम’ यांतला भेद दिसत नाही.

आडव्या अक्षावर हे आरआर, उभ्यावर पुढचं, असं बिंदूचित्र काढलं की भेद दिसतो. सायनस : कर्णरेषेवर एक पुंजका. बायजेमिनी (दर दुसरा ठोका पीव्हीसी) : कर्णाच्या दोन बाजूंना दोन. ट्रायजेमिनी, म्हणजे ८००-५००-११०० अशी माळ : तीन पुंजके. एएफ : पंखा, पुंजका कुठेच नाही. पुंजके मोजून तीन किंवा कमी आले तर एएफचा शेरा अडवतो.

उलटी चूक : एएफ आहे पण आरआर सम. कर्णिकांत एएफ आणि खाली पूर्ण ब्लॉक असला की जवनिका आपल्या संथ सम चालीने चालतात. पी नाही, ताल सम, गती ४० च्या आसपास, असं त्रिकूट दिसलं की पट्टी माणसाकडे पाठवायची.

१८ जुलै

फ्लटर (कर्णिकांची जलद पण सम फडफड). संचात थोडाच आहे, २०२ आणि २२२ मध्ये बघण्यासारखा. कर्णिका मिनिटाला ३०० च्या आसपास, दोनास एक वाहिलं की नाडी १५०. म्हणून सम, अरुंद, १५० च्या जवळपासचा कुठलाही ताल फ्लटर नाही हे सिद्ध होईपर्यंत फ्लटरचा संशयित. दोन आरच्या बरोबर मध्यावर पी दिसली तर तिची जुळी क्यूआरएसमध्ये लपलेली असते, हा जुना बिक्सचा नियम इथे लागू पडतो. चारास एक सम वाहणारा फ्लटर आरआरवरून सापडत नाही, ७५ ची निरोगी नाडी वाटते. उरलेल्या सिग्नलच्या वर्णपटात (कुठल्या वारंवारतेला किती ताकद, या आलेखात) ४ ते ६ हर्ट्झला टोक आहे का, ही तपासणी जोडली.

२२ जुलै

तालांची मोजदाद करताना लक्षात आलेली अडचण : दुसऱ्या दर्जाचा ब्लॉक (काही ठोकेच अडणारा) फक्त २३१ मध्ये, डब्ल्यूपीडब्ल्यू (कर्णिका-जवनिकांमधली जादा वाट) फक्त २३० मध्ये, सायनस ब्रॅडीकार्डियाची (संथ सायनस तालाची) खूण फक्त २३२ मध्ये, व्हेंट्रिक्युलर फ्लटर फक्त २०७ मध्ये. एका माणसावरून वर्ग शिकवता येत नाही. शिकवला तर चाचणी कुणावर घ्यायची? हे सगळे ताल शिकवण्यातून काढले, लिखित नियमांवर टाकले.

खंडाचे नियम, याच क्रमाने :

खंडाआधीच्या टी लहरीत काही खुपसलेलं आहे का? इतर टी लहरींशी वजाबाकी करून बघायचं. असेल तर पुढे न वाहिलेला कर्णिकेचा आगाऊ ठोका. खंडाचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच, आणि सगळ्यात जास्त निसटणारंही.

खंडात ठरल्या वेळी पी आहे, क्यूआरएस नाही : आधीचं पीआर वाढत गेलं असेल तर दुसऱ्या दर्जाच्या ब्लॉकचा वेंकेबाख प्रकार (खंड सर्वांत लहान आरआरच्या दुपटीहून कमी भरतो), पीआर तसूभर हललं नसेल तर मोबिट्झ दोन प्रकार (खंड बरोबर दुप्पट). दोनास एक ब्लॉक असेल तर दोन्हींपैकी काहीच लिहायचं नाही, तुलनेला लागोपाठ दोन पीआर मिळतच नाहीत.

पी नाहीच : खंड पीपीच्या पटीत असेल तर सायनस एक्झिट ब्लॉक (ठोका गाठीबाहेरच न पडणं), नसेल तर सायनस थांबलेला.

२५ जुलै

रुंद क्यूआरएस आणि जलद ताल. छातीच्या सहाही लीडवर आरएस (वर जाऊन खाली येणारा आकार) शोधत जाणारे १९९१ चे ब्रुगाडा निकष दोन वाहिन्यांवर चालवता येत नाहीत. उरतात ते तीन पुरावे : पी वेगळ्या चालीने, मध्येच एखादा अरुंद पकडलेला (वरून नेहमीच्या वाटेने आलेला) ठोका, किंवा अर्धामुर्धा मिसळलेला (दोन्हीकडून एकदम आलेला) ठोका. यांपैकी काही दिसलं तर ‘व्हीटी’ (जवनिकांतून उठणारा जलद ताल). काहीच दिसलं नाही तर ‘रुंद, जलद, सम, व्हीटी समजून चालावे’. ‘एसव्हीटी (जवनिकांच्या वरून उठणारा जलद ताल) आणि बंडल ब्लॉक’ असा दिलासा प्रणालीने कधीही द्यायचा नाही, चुकीची किंमत दोन्ही बाजूंना सारखी नाही.

एएफमध्ये लांब अंतरानंतर लगेच आखूड अंतर आणि त्यावर एकच रुंद ठोका, उजव्या बंडलसारखा : आशमनची घटना असू शकते, पीव्हीसी नव्हे. इथे आधीच्या दोन आरआरची जोडी पुराव्यात छापतो, निर्णय वाचणाऱ्याचा.

२ ऑगस्ट

जिवंत सिग्नल. एडी८२३२ या ईसीजी चिपचा छोटा बोर्ड, ३.३ व्होल्ट, सोबत ईएसपी३२ हा वायफायवाला मायक्रोकंट्रोलर, सेकंदाला २५० नमुने. बोर्ड बॅटरीवरच. अंगाला लावलेली तार आणि चार्जरला जोडलेला लॅपटॉप एकत्र नकोत : गुणगुण येते म्हणून कमी, सुरक्षिततेसाठी जास्त. डेटा वायफायवरून.

पहिल्याच पट्टीवर गती नाडीपेक्षा जास्त. कारण ‘४ मिलिसेकंद थांब’ अशी आज्ञा लूपमध्ये होती आणि बाकीच्या कामाचा वेळ तिच्यावर चढत होता. खरं अंतर ४.४ झालं तर ८०० मिलिसेकंदांत १८२ नमुनेच बसतात, ते ४ ने गुणले की ७२८. नाडी ७५, पडदा सांगतो ८२. वायफायने मध्येच खोळंबा केला तर आरआर विषम होऊन एएफचा खोटा शेराही येतो. नमुने आता हार्डवेअर टायमरच्या इंटरप्टवर, प्रत्येक तुकडीला अनुक्रमांक, तुकडी हरवली तर तेवढी पट्टी कोरी.

५ ऑगस्ट

इलेक्ट्रोड सूचनेप्रमाणे दोन खांद्यांखाली लावले की लीड एक मिळते, पी त्यात बारीक. डाव्या हाताची तार डाव्या बरगड्यांच्या खाली आणली की लीड दोनच्या जवळपासचं चित्र येतं. पी तरीही दिसत नसेल तर लुईस लीड : उजव्या हाताचा इलेक्ट्रोड छातीच्या हाडाच्या वरच्या टोकावर, डाव्या हाताचा उजवीकडच्या पाचव्या बरगडीफटीत हाडाला लागून.

त्वचा स्पिरिटने पुसून कोरडी होऊ द्यायची, केस असतील तर काढायचे. उघडं पाकीट आठवडाभर पडलं की जेल सुकतं आणि शून्यरेषा भटकायला लागते. फिल्टर घट्ट करण्याआधी पाकीट बदलून बघायचं.

९ ऑगस्ट

फ्लटरच्या वर्णपट तपासणीत नवी खोट. पार्किन्सनचा कंप ४ ते ६ हर्ट्झचा, म्हणजे मिनिटाला २४० ते ३६०. फ्लटरची ३०० म्हणजे ५ हर्ट्झ. नेमकी तीच जागा. आकारावरून वेगळं करणं अवघड, पण कंप हातातून येतो : हातांचे इलेक्ट्रोड धडावर सरकवले की लाटा विरतात, फ्लटर विरत नाही. शिवाय कंपाच्या लाटांचं क्यूआरएसशी नातं घसरत राहतं, दोनास एक-चारास एक फ्लटरमध्ये ते बांधलेलं असतं. विषम वाहणाऱ्या फ्लटरला ही दुसरी कसोटी लागू नाही. तिथे तूर्त शेऱ्यात एवढंच : ‘५ हर्ट्झच्या लाटा, इलेक्ट्रोड धडावर लावून पुन्हा पट्टी घ्या’.

१२ ऑगस्ट

उरलेलं : पुढून-मागून चालणारा फिल्टर जिवंत सिग्नलसाठी बदलायचा आहे. एकदिश फिल्टर घेतला की १३ जूनचा उशीर परत येतो, तो मोजून प्रत्येक खुणेतून वजा करावा लागेल. बोर्डाचा स्वतःचा पट्टा साधारण ०.५ ते ४० हर्ट्झ, त्यामुळे एसटीबद्दल (क्यूआरएस आणि टी यांमधल्या भागाबद्दल) पट्टीवर एक अक्षरही छापायचं नाही, ती ओळ कोडमधून काढली.